राजूच्या नावाची फर्माइश

नरसक्काच्या घरी रेडिओ होता, पण ती गाणी ऐकत नसे. सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या चाळवजा वाड्यात मी नवी नवरी म्हणून राहायला आले, तेव्हा या गोष्टीनं मी पार गोंधळून गेले होते. दुपारी फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. नरसक्का पदराला हात पुसत रेडिओसमोर येऊन बसायची आणि बाहेरच्या खोलीत माग चालवणाऱ्या नवऱ्याला ओरडायची, "थांबवा ते!" मागाचा खटखटाट बंद व्हायचा. रेडिओवरची बाई गावांची आणि माणसांची नावं वाचायची, नरसक्का जीव कानात आणून ती ऐकायची, आणि नावं संपून गाणं सुरू झालं रे झालं की म्हणायची, "हं, आता चालू करा." इतक्या सुंदर गाण्यावर मग मागाचे दणके बसायचे. आमच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता. मी दाराशी उभी राहून चडफडायचे.

रेडिओ मात्र तिनं देवासारखा ठेवला होता. जुना, लाकडी पेटीचा, लावल्यावर तापायला वेळ घेणारा. त्यावर क्रोशाचा रुमाल, आढ्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल. मुलांनी बटणाला हात लावला तर ती हातावर चापट मारायची.

मला लिहिता येतं हे कळल्यावर ती पोस्टकार्ड घेऊन आली. "पोरी, रेडिओवाल्यांना लिही. गाणं कुठलं बी टाक. नावं नीट लिही. सोलापूरहून नरसम्मा, मल्लय्या आणि राजू."

नरसम्मा हे तिचं पाळण्यातलं नाव, मल्लय्याकाका म्हणजे तिचा नवरा. पण त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मी विचारलं, "अक्का, राजू कोण?"

"हाय एक," ती म्हणाली. "तू लिही की."

मग महिन्यातून दोन-तीनदा मी कार्डं लिहू लागले. कधीतरी नाव लागायचं. त्या दिवशी गल्लीत तिला सगळे चिडवायचे, "रेडिओवाली नरसक्का आली बघा!" राजूबद्दल ज्याचा त्याचा अंदाज वेगळा होता. कुणी म्हणे पहिल्या नवऱ्याचा मुलगा, कुणी म्हणे बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला काही उलगडत नव्हतं.

शेवटी सांगितलं ते मल्लय्याकाकांनी. राजू तिचा धाकटा भाऊ. लहानपणी ही दोघं तेलंगणातून आईबापांबरोबर पोट भरायला सोलापूरकडे येत होती. वाटेत गाडी बदलताना, गर्दीत, राजूचा हात तिच्या हातातून सुटला. बाप दोनदा जाऊन शोधून आला. पोरगं मिळालं नाही.

"तिला वाटतंय, कुटं बी आसला तरी हाटेलात, सलूनमध्ये रेडिओ आसतोच की. आपलं नाव ऐकंल आन् येईल," काका म्हणाले. "येड हाय. पर मी माग बंद करतो. माझं काय जातंय?"

आणि एका रविवारी राजू आला!

तिशी-पस्तिशीचा, उंच, तेलकट सदरा घातलेला माणूस पेठापेठांतून विचारत येऊन दारात उभा राहिला. "रेडिओवाली नरसम्मा हितंच राहत्यात का?" मोडनिंबला हमरस्त्यावरच्या हॉटेलात तो भजी तळायचा. लहान असताना कुणा ट्रकवाल्यानं त्याला तिथं आणून सोडलं होतं. आईबाप आठवत नव्हते. राजू हे नाव हॉटेलमालकानं ठेवलेलं. "आमच्यात रेडिओ दिवसभर आसतोय. तुमची नावं लागली की पोरं मला चिडवत्यात, तुझ्या घरचं बोलवाय लागल्यात बघ म्हणून. म्हटलं, बघून तरी यावं."

नरसक्का त्याच्याशी तेलुगूत बोलू लागली. भराभर, रडत. त्याला एक अक्षर कळेना. तो ओशाळून माझ्याकडे पाहू लागला. मग तिनं विचारलं, "खांद्यावर भाजल्याची खूण हाय का? माझा राजू चुलीवर पडला होता."

त्यानं सदरा काढला. हात, खांदे, छाती, सगळीकडे उकळत्या तेलाचे डाग होते. जुने, नवे, लहान, मोठे.

"यातली कुठली, मला ठाव न्हाय," तो म्हणाला.

नरसक्का प्रत्येक डागावर बोट ठेवत बराच वेळ बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हा न्हाय." आणि लगेच त्या माणसाला, "जेवून जा. पोळ्या टाकते."

तो जेवून गेला. आम्हाला वाटलं, संपलं. पण पुढच्या सुट्टीला तो पुन्हा आला, येताना भज्यांचा पुडा घेऊन. मग येतच राहिला. त्याला गाणी तोंडपाठ होती. हॉटेलात ऐकलेली गाणी तो अंगणात बसून म्हणायचा, आणि गाणी न ऐकणारी नरसक्का भाजी निवडत ऐकायची. ती त्याला कधी "राजू" म्हणायची, कधी "अहो, तुम्ही". राग आला की त्याच्यावर तेलुगूत ओरडायची. पुढे पुढे त्यालाही ते थोडं कळू लागलं.

फर्माइशीची कार्डं मात्र बंद झाली नाहीत. मी म्हटलं, "अक्का, राजू तर घरात येतो. आता हे कोणासाठी?"

ती म्हणाली, "तो आसला तर त्याला ऐकू दे. हाच आसला तर ह्याला बी ऐकू दे. तुला लिहायला काय होतंय?"

मी लिहीत राहिले. तो तिचा भाऊ आहे की नाही हे तिलाच ठरवता येत नव्हतं, की तिला ठरवायचंच नव्हतं, हे मला कधी समजलं नाही.

आमची बदली झाली त्याच उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. दवाखाना, झाडपाला, सगळं झालं. ती गेली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी लागते, आणि तिच्या माहेरी तर कुणी उरलंच नव्हतं. जाणत्या बायका आपसात कुजबुजत होत्या, कुणाकडून आणायची, कसं करायचं.

एवढ्यात राजू आला. मोडनिंबहून मिळेल त्या ट्रकनं आला असावा, धुळीनं माखला होता. हातात कागदात गुंडाळलेली हिरवी साडी होती. समाजातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला अडवलं. "तू कोण? ही साडी भावाची आसते. तू हिचा कोण?"

राजूनं साडी छातीशी धरली. त्यानं मल्लय्याकाकांकडे पाहिलं. सगळं अंगण काकांकडे पाहू लागलं.

"सोडा त्याला," काका म्हणाले. "भाऊ हाय तिचा."

राजूनं साडी तिच्या अंगावर घातली, काठ सारखा केला, आणि तिथंच खाली बसून लहान मुलासारखा रडला.

तिचे दिवस झाल्यावर, बदलीसाठी सामान बांधताना मी काकांचा निरोप घ्यायला गेले. राहवलं नाही, म्हणून विचारलं, "काका, तो खरंच तिचा भाऊ होता का हो?"

काकांनी तुटलेला धागा बोटांनी जोडला आणि पुन्हा मागावर बसले.

"मला काय म्हाईत, पोरी," ते म्हणाले. "तो रविवारी येणाराय. मुक्कामालाच येतो म्हणालाय."