फ्रान्समधली खैराची खुंटी

आमचे शेजारी आगबोटीवर सुतार होते. काहीही विचारा, चार वाक्यांत ते फ्रान्सला पोचतात. तिथे बोट दुरुस्तीला लागली तेव्हा ते एका म्हातारीच्या घरी राहिले होते. घर चारशे वर्षांचं. सगळा सांगाडा लाकडाचा, मधे माती नि गवत भरलेलं, वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर रस्त्यावर आलेला. त्याची सुटलेली तुळई त्यांनी आपल्या पेटीतल्या खैराची खुंटी ठोकून बसवली. हे सांगताना त्यांचा अंगठा हवेत खुंटी दाबतो.

माझे दीर हसायचे. "चारशे वर्षं घर उभं राहिलं ते यांची वाट बघत!"

यंदा पाऊस तोंडावर आला आणि आमच्या माडीच्या सज्ज्याची तुळई खांबातून सुटली. खालून सगळ्यांची ये-जा. दीर म्हणाले, लोखंडी पट्टी मारू. मी शेजाऱ्यांना बोलावलं.

"वयनी, खाऱ्या हवेत लोखंड गंजतं. लाकूड लाकडाला सोडत नाय."

त्यांनी खुंटी तासली, ठोकली आणि सज्ज्याच्या मधोमध जाऊन बसले. "चहा हितंच आणा. या भाऊ, तुम्हीपण बसा."

दीर जपून बसले. सज्जा कुरकुरलादेखील नाही.

"आता तुमचं घर नि त्या म्हातारीचं घर सोयरे झाले," कप ठेवत शेजारी म्हणाले.

हल्ली पाहुणा आला की दीर त्याला आधी सज्ज्यावर नेतात. खुंटीवर हात ठेवून गंभीरपणे सांगतात, "अशी दुसरी फ्रान्सात आहे. आमच्या शेजाऱ्यांनीच बसवलेली."