शिवमूर्ती ड्रायव्हरांचा पुढचा ब्रेक

शिवमूर्ती ड्रायव्हरांच्या बुलेटला पुढचा ब्रेक नाही, हे शिरूर अनंतपाळमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंपनीनं दिला होता हो! पण गाडी घरी आली आणि यांनी त्याची केबल काढून खुंटीला टांगली. हँडलवरची पट्टी तेवढी शोभेला राहिली. "पुढचा ब्रेक दाबला की मानूस हँडलवरून समोर जातंय. ब्रेक पायाचाच असतो. हातानं एसटी थांबवलेली बघितली का कुनी?" असं ते ठणकावून सांगायचे. उभा जन्म लातूर-मुखेड एसटी चालवून गाडीला ओरखडा येऊ न दिलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

पण उतारवयात डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि या जुन्या बुलेटचा ब्रेक नेमका डाव्या पायात. गुडघा चालायचा, वाकायचा, पण जोर लाव म्हटलं की ऐकायचा नाही. एका बाजाराच्या दिवशी गाडी थांबता थांबेना, ती थेट भाजीवालीच्या टोपल्यात जाऊन थांबली. रस्ताभर वांगी. त्या दिवसापासून बुलेट ओसरीत चादरीखाली गेली आणि शिवमूर्ती पायी पारावर जाऊ लागले.

"काय ड्रायव्हर, गाडी डेपोत लागली म्हना की कायमची!" किशनरावांनी चेष्टा केली. जुना दोस्त, त्याच्या मनात काही नव्हतं, पण शिवमूर्तींना ते फार लागलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "सिंधू, इकून टाकू गाडी." आणि भाकरीला हात न लावता उठले.

सिंधुबाईंनी मुकाट्यानं लेकीला फोन लावला.

लेक म्हणजे आरती. लातूरला मोटारसायकलींच्या वर्कशॉपात मेकॅनिक. पोरीच्या जातीनं पाना हातात धरावा हे शिवमूर्तींना कधी पटलं नाही. पारावर कुणी विचारलंच तर "लातूरला नोकरीला हाय" एवढं सांगून ते पावसापाण्याचं काढायचे. आरतीला हे माहीत होतं. तिनं त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

सुट्टीच्या दिवशी ती आली ती पोतं घेऊनच. त्यातून निघाला पुढच्या चाकाचा नवा, रुंद ब्रेक-ड्रम. डिस्क मुद्दामच आणली नव्हती, म्हाताऱ्या गाडीला ती शोभली नसती.

"जुन्या ड्रमात बी दोन लायनर हाईत अप्पा, पर जोर एकच लावतंय. ह्यात दोन्ही लायनर चाकाला धरत्यात."

"आन मी हँडलवरून गेलो म्हंजे?"

"दोन बोटांनी हळूहळू दाबायचं. एसटीचा ब्रेक तुम्ही धाडकन दाबत होता का?"

ड्रायव्हरांनी खुंटीवरची केबल काढून तिच्यापुढं टाकली.

ते अंगणात खुर्ची टाकून बसले, खोट काढायलाच. आरतीनं लायनरला खडू फासला, चाक फिरवलं, जिथला खडू पुसला गेला तो उंचवटा पॉलिश पेपरनं घासला, पुन्हा खडू फासला. दोन्ही लायनर एकाच क्षणी टेकेपर्यंत तिचं हेच चाललं. दोनदा चहा आला आणि गार झाला. "झालं की आता!" असं सिंधुबाई म्हणाल्या, तर शिवमूर्तीच खेकसले, "करू दे तिला!" आपण कुणाची बाजू घेतली, हे त्यांना जरा उशिरा कळलं. डेपोतल्या भल्याभल्या मिस्त्र्यांना त्यांनी घाईवरून झापलं होतं. इथं झापायला काही सापडेना.

डेपोत त्यांचा एक दंडक होता. ज्यानं ब्रेक केला, त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. मिस्त्री बसायला कचरला की गाडी जागची हलत नसे. आणि फेरीत ब्रेक पसंत पडला, तर ते एकच बोलत, "गाडी रूटला लावा." लहानपणी बापाचा डबा घेऊन जाणाऱ्या आरतीनं हे कितीदा तरी ऐकलं होतं.

शिवमूर्तींनी किक मारली. न सांगता आरती मागं बसली.

गावाबाहेरच्या उतारावर गाडीनं वेग घेतला आणि बांधावरून शेळ्यांचा कळप रस्त्यात उतरला. सवयीनं डावा पाय गेला. गुडघ्यानं दगा दिला.

"अप्पा, हात!"

दोन बोटं पट्टीवर आली. पुढचं चाक किंचित दबलं, आणि बुलेट सरळ रेषेत, न डगमगता उभी राहिली. एक शेळी चाक हुंगून निघून गेली. शिवमूर्ती हँडलवरून कुठंही गेले नव्हते.

एवढी वर्षं आपण ही पोर लपवली याची त्यांना लाज वाटली, आणि त्याहून मोठा अभिमान. मागं न बघताच ते म्हणाले, "आरती, गाडी रूटला लाव."

तिनं मागून त्यांचा खांदा घट्ट धरला, आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर ग्रीसची बोटं उमटली.

घरी सिंधुबाई म्हणाल्या, "सदरा बदला आधी." ड्रायव्हरांनी ऐकलं नाही. आरतीला उतरवून ते एकटेच बाजारपेठेत शिरले. किराण्यापुढं थांबले, सलूनपुढं थांबले, काही काम नसताना. शेवटी पारापुढं, किशनरावांच्या पायाशी, दोन बोटांत गाडी उभी केली.

"आरं, पुढचा ब्रेक! कुनी बसवला?"

"माझ्या आरतीनं," शिवमूर्ती सगळ्या पाराला ऐकू जाईल असं म्हणाले. "लातूरला मेकॅनिक हाय ती."