भिंतीवरचा समुद्र

बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर ओल आली आहे. वरच्या मजल्यावरचा पाइप कुठंतरी गळतोय. त्या डागाची कड मला किनाऱ्यासारखी दिसली, म्हणून मी ती तशीच नकाशावर उतरवली. दर रविवारी आम्ही चार मित्र टेबलाभोवती बसून फासे टाकत एक खेळ खेळतो. त्यातलं राज्य, डोंगर, राक्षस, सगळं मी रचतो. बाकीचे आपापलं पात्र होऊन त्यात हिंडतात. मी नियमच करून टाकला, भिंतीवर ओल जिथवर, राज्यात समुद्र तिथवर.

तेव्हा मजा वाटली होती. पण समीरच्या म्हाताऱ्या योद्ध्यानं तलवार खाली ठेवली आणि त्याच किनाऱ्यावर घर बांधलं. "आता कुठं जायचं नाही बाबा," समीर म्हणाला. त्या घराची जागा मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे. ओल रोज तिकडं सरकते. मी उठतो, भिंत बघतो, बसतो, पुन्हा उठतो. नकाशा माझा, खोडरबरही माझंच. पण माझ्या दयेनं थांबणारा समुद्र कोणाला खरा वाटेल? आणि समुद्रच खोटा, तर त्याच्या काठावरचं घर तरी खरं कसं?

"प्लंबर उद्या येतोय," बायको म्हणाली. "किती वेळ बघत बसणारेस त्या भिंतीकडे?"

मी खुणेवर बोट ठेवलं. गार लागलं.

"उद्या नको, आजच बोलाव," मी म्हणालो. "तिथं एक म्हातारा राहतो."