जाळ्यात बांधलेलं सामान

मोटरसायकलवर कच्छपर्यंत जायचं होतं, पण बोईसरच्या दुकानातल्या बॅगा परवडेनात. सातपाटीला आमच्या शेजारचे काका ओट्यावर जाळी सांधत बसतात. बोलताना समुद्राकडेच बघतात. त्यांच्या दोन वाक्यांमध्ये माझा चहा संपतो. त्यांनी जुन्या जाळ्याचा तुकडा कापला आणि त्याने माझं बोचकं मागच्या सीटवर आवळलं.

"सुटायचं नाय."

सुटलं नाही. रणातल्या पांढऱ्या मिठाच्या कडेला गाडी लावली, तरी वाऱ्यावर जाळ्यातून आमच्या सुकटीचा वास येत होता.

परतल्यावर काकांनी बोचक्यावरून जाळं सोडवलं. ते नाकाशी धरून डोळे मिटले.

"मीठच हाय," बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण आपलं नाय."

ते जाळं त्यांनी अजून धुतलेलं नाही.