रिकाम्या खुराड्यासमोर

शेजाऱ्यांनी आज तुराट्यांच्या कुडावर शेण लिंपलं आणि त्या ओल्या वासानं मला जानेफळच्या आमच्या परसात नेलं. मी होस्टेलला निघायच्या आदल्या दिवशी बाबा असंच खुराडं लिंपत होते. घरात कोंबड्या पहिल्यांदाच येणार होत्या. माय मात्र त्या रिकाम्या खुराड्यासमोर बसून "ती ती ती" करत होती.

"काऊन वं माय? कोंबड्या तं सोमवारी येतीन," मी म्हणाले.

"सवय करून राह्यली," ती म्हणाली. "उद्यापासून हाक कोनाले मारू?"

मी हसतच राहिले.

गेल्या आठवड्यात माझी लेक पुण्याला गेली. मघाशी सवयीनं तिला जेवायला हाक मारली. उत्तराला कुकरची शिट्टी झाली.