पायऱ्यांवरचं शेवाळ आणि माझा नवस

मोताळ्याच्या पुढे धरणाच्या फुगवट्यात महादेवाच्या देवळाच्या काही पायऱ्या बुडालेल्या आहेत. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि त्या पायऱ्यांना चिकटलेल्या शेवाळावर माझा जीव जडला होता. सुरुवातीला तिथे चहाच्या डागासारखा तपकिरी थर असायचा. पुढे शेतांतलं खत पाण्यात उतरू लागलं, तसे हिरवे धागे आले, आणि मग काळपट, बुळबुळीत, वास मारणारं शेवाळ. हा बदल नोंदवण्यात माझी उभी नोकरी गेली. बायको म्हणायची, बाकीच्यांचे नवरे निदान पत्ते तरी खेळतात.

काम साधं होतं. दर महिन्याला जायचं, पायरीवरची नाण्याएवढी जागा जुन्या टूथब्रशने खरवडायची आणि निघेल ते बाटलीत भरून आणायचं. गावातले लोक काठावरून बघत. कोणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रिटायर होण्याआधीच्या शेवटच्या फेरीला पोचलो तर काठावर मंडप, खुर्च्या, आणि पायऱ्या लख्ख. अख्ख्या गावाने ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या घासणीने घासल्या होत्या.

"सर, इतके वर्स तुमी एकटेच घासून राह्यले, तेही दाताच्या ब्रशनं," सरपंचबाई म्हणाल्या. "असा कठीण नवस कोनी बोलते का? तुमी रिटायर होऊन राह्यले असं कळलं, तं म्हटलं, आपनच फेडून टाकू."

खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि मला खरोखरच रडू फुटलं. सर गहिवरले म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले. दुसरं काय बोलणार? एका म्हाताऱ्याने तो ब्रश देवापुढे ठेवायला मागितला. तो मात्र मी दिला नाही.

महिन्याभराने काही काम नसताना पुन्हा गेलो. पाण्याखालच्या पायरीवर तपकिरी थर धरला होता, अगदी पहिल्या वर्षीसारखा. मला इतका आनंद झाला की चपलेसकट पाण्यात उतरलो. तेवढ्यात वर भांडी घासणारी एक बाई तारेची घासणी घेऊन खाली आली.

"सरका सर, घासून टाकू."

"नको माय, राहू दे."

"काऊन? तुमचा नवस तं फिटला ना?"

"दुसरा बोललो," मी म्हणालो. "या पायरीले कोणी हात लावायचा नाही."

तिने घासणी पदराआड घेतली आणि पायरीला हात जोडले.