डाव्या कडेचा हात

लतिका मेहेंदळे अडुसष्ट वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून त्या अमेरिकेत, कॅरी गावात मुलाकडे राहतात. गेल्या जुलैत तिथल्याच दुसऱ्या राज्यातल्या नोव्हायहून थोरले दीर मोरेश्वर सहकुटुंब आले आणि त्यांनी १९१३ सालच्या फोटोची टूम काढली.

मेहेंदळे कुटुंबाचा तो फोटो हर्णैच्या किनाऱ्यावरचा. पगड्या, नऊवारी, वाळूत बूट. डाव्या कडेला नुसता एक हात दिसतो, हातात पितळी डबा. तो मोरेश्वरांच्या आजोबांच्या विधवा बहिणीचा, चंद्राआत्यांचा. केशवपन केलेली बाई फोटोत नको म्हणून कड कापली. हात कापता आला नाही, कारण त्याबरोबर आजोबांचा खांदाही गेला असता.

तोच फोटो आता राइट्सव्हिल बीचवर पुन्हा काढायचा होता. लतिकाबाईंनी एकच मागितलं, "भाऊजी, या वेळी आत्याबाई पूर्ण दिसू देत. त्यांच्या जागी मी उभी राहते."

"बरं, बरं," मोरेश्वर म्हणाले. लतिकाबाईंनी डबाभर बेसनाचे लाडू केले.

किनाऱ्यावर पॉलिएस्टरच्या नऊवाऱ्या घामाने अंगाला चिकटल्या. पगडीखालचं सनस्क्रीन मोरेश्वरांच्या मिशीत ओघळत होतं. ते सगळ्यांना जोडीजोडीने उभं करत होते. लतिकाबाई डबा घेऊन डाव्या कडेला आल्या.

"अजून बाहेर सरक. फक्त हात येऊ दे. ओरिजिनलसारखा."

"आपलं ठरलं होतं, भाऊजी."

"अगं, मेन फोटो जोड्यांचा आहे," जाऊबाई शोभना पदर सारखा करत म्हणाल्या. "तुझा मस्त सोलो काढू ना!"

"आजी, जस्ट कम इन," नात रुचा म्हणाली. "धिस इज सो ग्रोस."

"रुचा, हलू नकोस," लतिकाबाईंचा मुलगा परीक्षित म्हणाला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

लतिकाबाई जागच्या हलल्या नाहीत. फोटो निघाला. पाच मिनिटांत तो फॅमिली ग्रुपवर आला, डावी कड कापून. एक हात, एक डबा. खाली ओळ: 'परंपरा जपली!' हृदयांची रांग लागली.

"बघ, डबा काय झकास आलाय!" मोरेश्वरांनी फोन लतिकाबाईंच्या नाकासमोर धरला.

त्या पार्किंगजवळच्या कचऱ्याच्या पिंपाकडे गेल्या, डबा उपडा केला, तळाला चिकटलेलं बेसनही बोटाने खरवडून टाकलं.

"लतिका, लाडू काढ की," पगडी काढत मोरेश्वर म्हणाले. "भूक लागली यार."

"ओरिजिनलमध्ये लाडू कुठे दिसतात, भाऊजी? टाकून दिले."

रिकामा डबा त्यांनी परीक्षितच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसल्या.